मधल्या खुर्चीतली दुभाषी

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात, जिन्याखालच्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. टेबलावर एक जुना संगणक, खरखर करणारा प्रिंटर आणि ‘सर्व भाषांचे अनुवाद करून मिळतील’ अशी पाटी. त्यातलं ‘सर्व’ पाटी रंगवणाऱ्याने आपल्या मनाने घातलं होतं. तिला भाषा येत होत्या तीनच. पण त्या अशा येत होत्या की जन्माचा दाखला असो, घटस्फोटाचा निकाल असो की परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र, वाचणाऱ्याला वाटावं, हे मुळात याच भाषेत लिहिलेलं होतं. व्हरांड्यातले मुद्रांकविक्रेते, टंकलेखक, चहावाला, सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. वीस वर्षांत हे नाव इतकं चिकटलं होतं की एकदा बँकेत तिला खऱ्या नावाने हाक मारली, तर ती शेजारच्या बाईकडे बघत राहिली.

तीन भाषांपैकी एक इथली, वडिलांकडची. दुसरी कॉलेजात घोटून घोटून शिकलेली, जगभर चालणारी. तिसरी आईची. आई लग्न होऊन सीमेपलीकडून आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. इथली भाषा तिला पन्नास वर्षांत बाजारापुरतीच आली. तिची स्वतःची भाषा या शहरात खड्डे खणणाऱ्यांची आणि विटा वाहणाऱ्यांची समजली जायची, त्यामुळे रस्त्यात आई मोठ्याने बोलायला लागली की मुलगी चार पावलं पुढे चालायची.

दुभाष्याचं काम तिच्या गळ्यात पडलं ते सातव्या वर्षी. शाळेच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, पोरीच्या डोक्यात उवा आहेत, घरी पाण्याचा दुष्काळ आहे का? मुलीने आईला सांगितलं, बाई म्हणतात केस छान लांब आहेत, फक्त बांधून पाठवा. आई म्हणाली, सांग तिला, उवा तिच्याच वर्गातून आल्यात. मुलीने बाईंना सांगितलं, आई हो म्हणते. दोघीही खूश होऊन आपापल्या वाटेने गेल्या. (केसांचं कौतुक ऐकून आईने ‘उवा’ कुठून काढल्या, हे बाईंच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. आईला मात्र सगळं कळत असावं.) तेव्हापासून सारवासारव करणं तिच्या अंगवळणी पडलं. दोन माणसांच्या मध्ये उभं राहायचं आणि कुणालाही टोचू द्यायचं नाही. लोक म्हणत, दुभाषीबाईंच्या टेबलावर भांडण कधी होत नाही. तिला त्याचा अभिमान होता.

मोठेपणी तिचं लग्न झालं, मोडलं आणि ती आईकडे परत आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघींचं बरं चाललं होतं.

मग जागतिक स्पर्धेचं यजमानपद या शहराला मिळालं. शहराच्या कडेला नवं मैदान उभं राहायला लागलं. नुसत्या क्रेन पाहायला लोक रविवारी सहकुटुंब जाऊ लागले. काम करायला सीमेपलीकडून माणसं आली, पाच-दहा नव्हे, हजारोंनी. आणि ज्या भाषेपासून ती जन्मभर चार पावलं पुढे चालत आली होती, त्या भाषेची समितीला एकदम गरज पडली. पाहुण्यांची, इथली आणि मजुरांची, अशा तिन्ही भाषा येणारं माणूस अख्ख्या शहरात एकच निघालं. जिन्याखालून उठून ती काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर गेली. निळा कोट मिळाला, गळ्यात फोटोचा बिल्ला आला. स्पर्धा नीट पार पडली की कायम करू, असं समितीचे सचिव म्हणाले.

तिच्याकडे मुख्य काम आलं ते स्वयंसेवकांना पाहुण्यांचा आदर शिकवण्याचं. तिने ते जीव ओतून केलं. कुठल्या देशाची माणसं हात मिळवतात, कोणाला अनोळखी माणसाने हात लावलेला चालत नाही, कोणासमोर बुटाचा तळवा दिसेल असं बसायचं नाही, प्रार्थना करणाऱ्याचा फोटो का काढायचा नाही, या सगळ्याची तिने चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली. तरुण मुलामुलींना आरशासमोर उभं करून खेळाडूंची अवघड नावं शंभर शंभर वेळा म्हणायला लावली. “माणसाचं नाव चुकीचं घेतलंत,” ती म्हणायची, “तर तुम्ही त्याला दारातच उभं ठेवलंत असं समजा.” पोरं हसायची, पण शिकायची.

मजुरांच्या वसाहतीत तिला आठवड्यातून एकदा जावं लागे, सूचना वाचून दाखवायला. त्यांच्या हेल्मेटवर आकडे होते. दोनशे सात, इकडे या. तीनशे अठरा, मागे ऐकू येतंय का? सगळेच तसं बोलत, म्हणून तीही बोलायची.

स्पर्धेला आठ महिने उरले असताना आंतरराष्ट्रीय महासंघाचं तपासणी पथक यायचं ठरलं. मजुरांचे हाल होतात अशा बातम्या बाहेर छापून आल्या होत्या. पथक मजुरांशी बोलणार होतं आणि मध्ये बसणार होती ती. आदल्या दिवशी सचिवांनी तिला आपल्या खोलीत बोलावून चहा पाजला. खोटं बोला असं ते अजिबात म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की बाई, पाहुणे घरात आल्यावर आपण वाळत घातलेले कपडे आत घेतो की नाही?

मैदानाशेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बैठक झाली. आत वातानुकूलन इतकं होतं की बिस्किटं गार पडली होती. टेबलाच्या एका बाजूला पथकातले तिघं. त्यांची प्रमुख साठीची, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची, शिसपेन्सिलीने लिहिणारी. दुसऱ्या बाजूला मजुराची खुर्ची. मधल्या खुर्चीत ती. आणि दाराजवळ ठेकेदाराचा व्यवस्थापक, कुणाला पाणीबिणी लागलं तर द्यायला म्हणून बसलेला. त्याला पाहुण्यांची भाषा चांगली येत होती, मजुरांची येत नव्हती. म्हणजे त्या खोलीत दोन्हीकडचं कळणारी ती एकटीच.

पहिल्या सहा जणांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. ते आधीच निवडलेले होते. सातवा मात्र यादीतल्या एकाला ताप आला म्हणून ऐनवेळी पाठवलेला, सळया बांधणारा. पस्तिशीचा असेल. तारेने कापून कापून त्याची बोटं भेगाळली होती. तिने त्याला बसा म्हटलं, तसा तो चमकला. तिची बोली थेट त्याच्या गावाकडची होती. तो पुढे सरकला आणि खालच्या आवाजात, एका दमात बोलला.

“ताई, तुम्ही आमच्याच बाजूच्या दिसता. जसं सांगतो तसंच सांगा. दुपारच्या सुट्टीची शिट्टी आज वाजली, कारण ही माणसं आलीत. एरवी वाजत नाही. तीन दिवसांमागे माझा मेहुणा वरच्या सज्ज्यावरून पडला. धाकट्या बहिणीचा नवरा. उन्हाने चक्कर आली आणि पडला. मीच त्याला इथे आणला होता. कुठल्या दवाखान्यात ठेवलाय ते सांगत नाहीत, कामावरून सोडत नाहीत, आमचे पासपोर्ट ऑफिसच्या पेटीत आहेत. मला एवढंच विचारायचंय, की तो जिवंत आहे का?”

पांढऱ्या केसांची बाई पेन्सिल रोखून वाट पाहत होती. दाराजवळच्या व्यवस्थापकाने मान वर केली होती. आणि तिच्या तोंडातून, कुणी आधीच लिहून ठेवल्यासारखं, गुळगुळीत वाक्य बाहेर पडलं.

“तो म्हणतो, उन्हाचा त्रास होतो, पण दुपारी सुट्टी मिळते. त्याचा एक नातेवाईक आजारी पडला होता, त्याला दवाखान्यात नेलं आहे. त्याची नीट काळजी घेतली जावी, अशी त्याची इच्छा आहे.”

पाहुणीने लिहून घेतलं. मग त्याच्याकडे पाहून ती मायेने हसली आणि म्हणाली, त्यांना सांगा, तुमचा नातेवाईक लवकर बरा होवो. हे वाक्य मात्र दुभाषीबाईने शब्दाला शब्द लावून त्याच्या भाषेत सांगितलं.

सळईवाला पाहुणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे वळला. “ताई,” तो म्हणाला, “मी जे बोललो, ते ऐकून माणूस हसेल का?”

“काय म्हणतात ते?” पाहुणीने विचारलं.

“आभार मानतोय,” ती म्हणाली.

तो उठला, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि गेला. आठव्याला आत बोलावलं गेलं.

त्यानंतरचे दिवस तिने स्वतःची समजूत घालण्यात काढले. आपण खरं सांगितलं असतं तर व्यवस्थापकाने त्या माणसाला दुसऱ्या दिवशी हाकललं असतं, म्हणजे आपण त्याला वाचवलंच. शिवाय मेहुणा दवाखान्यात आहे हे आपण सांगितलंच की. शिवाय पथकाला कळलंच असेल, एवढी हुशार माणसं ती. एकेक कारण समोर धरून पाहिलं की पटायचं, पण चहाचा कप हातात घेतला की त्याच्या भेगाळलेल्या बोटांची आठवण यायची आणि सगळी कारणं एकदम गळून पडायची. खरं कारण तिला ठाऊक होतं. तिला भीती फारशी वाटली नव्हती आणि कायम नोकरीचा विचारही त्या क्षणी मनात नव्हता. तिला लाज वाटली होती. चांगल्या घरच्या पाहुण्यांसमोर आपल्या माणसाने भलतंच काही बोलावं, तशी लाज.

चार दिवसांनी तिच्या टेबलावर एक चिठ्ठी आली. सरकारी रुग्णालयातल्या अस्थिविभागाला मजुरांची भाषा जाणणारा दुभाषी हवा होता. हा तोच मेहुणा असेल, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, पण तिने त्या विचाराला बसायला खुर्ची दिली नाही. त्या आठवड्यात दोनशे स्वयंसेवकांचे वर्ग होते. तिने चिठ्ठीवर ‘पुढील आठवड्यात’ असं लिहून ती परत पाठवली.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मजूर बसस्थानकाजवळच्या बाकांवर जमत. ते आले तेव्हापासून तिच्या आईला नवा छंद लागला होता. म्हातारी डबा घेऊन तिथे जायची आणि तासन् तास बसायची. पन्नास वर्षांनी तिला कानभर आपली भाषा ऐकायला मिळत होती. कुणाचं गाव कुठलं, कुणाच्या घरी किती पोरं, सगळं तिला तोंडपाठ झालं होतं. तपासणीनंतर अकराव्या दिवशी ती बाकांवरून लवकर परतली. डबा तसाच भरलेला होता. मुलगी टेबलाशी बसून पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या चुका काढत होती.

आई समोर येऊन बसली. बाकांवर एक सळया बांधणारा भेटला, म्हणाली. त्याचा मेहुणा दोन आठवडे बेपत्ता आहे. साहेब लोक आले होते त्यांच्यापुढे तो बोलला, पण मधल्या बाईने त्याचं बोलणं वाटेतच जिरवलं, असं म्हणत होता. निळ्या कोटातली बाई. आपल्याच बोलीतली.

मुलीने पेन खाली ठेवलं. नाकारण्यात अर्थ नव्हता. खुंटीवर निळा कोट लटकत होता. तिने सगळं सांगितलं. तो काय बोलला ते, आपण काय सांगितलं ते, चिठ्ठीसुद्धा. ऐकून झाल्यावर आईने भलतंच विचारलं.

“शाळेतली ती बाई माझ्याबद्दल खरं काय म्हणाली होती?”

इतक्या वर्षांनी मुलीने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. उवा, पाण्याचा दुष्काळ, सगळं.

“मला वाटलंच होतं,” आई म्हणाली. “पण तेव्हा तू सात वर्षांची होतीस.”

एवढं बोलून ती उठली आणि डबा रिकामा करायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कामावर न जाता रुग्णालयात गेली. गळ्यातला बिल्ला पाहून कारकुनाने नोंदवही तिच्यापुढे सरकवली. तारीख ठाऊक होती, त्यामुळे ओळ लगेच सापडली. नावाच्या जागी कुणीतरी कानाला ऐकू आलं ते लिहिलं होतं, जे कुठल्याच भाषेत नाव होऊ शकत नव्हतं. पुढे ‘मजूर, बांधकाम’. शेवटच्या रकान्यात मृत्यूची तारीख होती. तिने बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. पडल्यानंतर तो नऊ दिवस जगला होता. तपासणी झाली त्या दिवशी तो जिवंत होता. चिठ्ठी आली त्या दिवशीही जिवंत होता. त्यानंतरही दोन दिवस होता. मेल्यावर ठेकेदाराला कळवलं होतं. तिकडून कुणी आलं नव्हतं. शीतगृहात तो सहा दिवस पडून होता.

अस्थिविभागात त्या पाळीची परिचारिका भेटली. तिशीची, थकलेली, पण बोलायला बरी. तो तिला चांगला आठवत होता. कंबरेत हाड मोडलेलं, हलता येत नव्हतं. शुद्ध होती. सारखा एकच शब्द म्हणायचा, सकाळ-संध्याकाळ. “आम्हाला वाटलं बायकोचं नाव असेल,” परिचारिका म्हणाली. “मी रोज त्याला सांगायचे, येतील हं, येतील. पण दुभाषी आला तर विचारावं म्हणून मी तो शब्द लिहून ठेवला होता.”

तिने रुग्णाचा कागद काढला. समासात, गोल गोल अक्षरांत, कानाने ऐकून लिहिलेली तीन अक्षरं होती.

ते कुणाचं नाव नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ होता, कूस बदला. नऊ दिवस तो माणूस एवढंच मागत होता, की मला दुसऱ्या कुशीवर करा.

परिचारिकेने अर्थ विचारला. दुभाषीबाईला वाटलं, या बिचारीला तरी का सांगावं, हो म्हणावं, बायकोचंच नाव. जिभेवर ते आलंही होतं. पण तिने अर्थ सांगितला. परिचारिका खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून रडली. म्हणाली, एवढं तर आम्ही सहज केलं असतं हो.

संध्याकाळी ती आईला घेऊन मजुरांच्या वसाहतीत गेली. सळईवाला नळाजवळ बसून शर्ट धूत होता. तिला पाहून तो उठला नाही. आई त्याच्या शेजारी दगडावर टेकली. ती उभीच राहिली.

तिने मेहुणा गेल्याचं सांगितलं. कधी गेला ते सांगितलं. तपासणीच्या दिवशी तो जिवंत होता, तुझा प्रश्न मी पुढे पोचवला असता तर तुला त्याला भेटता आलं असतं, हेही सांगितलं. मी काय सांगितलं होतं ते असं असं, म्हणून आपलं वाक्यही सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं. माफी मात्र मागितली नाही. तो शब्द तोंडात आला की तिला स्वतःचाच राग यायचा.

त्याने ओला शर्ट पिळायचं थांबवलं नाही. पिळून पिळून त्यात पाणी उरलं नव्हतं.

“काही बोलला का तो?” त्याने विचारलं.

आईने मान वर करून मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “बोलत होता. कूस बदला म्हणत होता. कुणाला कळलं नाही.”

तो म्हणाला, “कोणत्या कुशीवर होता?”

हे तिने विचारलं नव्हतं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“त्याला डाव्या कुशीवर झोप लागत नाही,” तो म्हणाला. “लहानपणी बैलाने मारलं होतं तिथे.” आणि मग त्याने शर्ट तोंडाला लावला.

अंधार पडायला लागल्यावर तो शांत झाला. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, कागद आणा. वसाहतीच्या पायरीवर बसून त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं. शिट्टीचं, पेटीतल्या पासपोर्टचं, मेहुण्याचं. एके ठिकाणी त्याने व्यवस्थापकाला शिवी दिली. तिने विचारलं, हेही लिहू? तो म्हणाला, मी बोललो ना? तिने लिहिली. आणखी अकरा जण आले, त्यांनीही आपापलं सांगितलं. खाली तिने त्यांची नावं लिहिली, प्रत्येकाला विचारून, अक्षर अक्षर खातरी करून. आकडा एकाचाही लिहिला नाही. शेवटी आपल्या हाताने आणखी एक परिच्छेद जोडला: तपासणीच्या दिवशी मी खोटा अनुवाद केला. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सगळा मजकूर तिने पाहुणीच्या भाषेत उतरवून, बैठकीत मिळालेल्या तिच्या कार्डावरच्या पत्त्यावर पाठवला.

उत्तर यायच्या आधी बातमी फुटली. सचिवांनी तिला बोलावलं. या वेळी चहा नव्हता. ते ओरडले नाहीत, त्यांना ओरडायची सवय नव्हती.

“बाई, तुम्ही त्या दिवशी खोटं सांगितलंत, की आज सांगताय?”

“त्या दिवशी.”

“मग यापुढे तुमच्यावर विश्वास कुणी आणि का ठेवावा?”

ते बरोबरच बोलत होते. तिने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि कोट घडी करून त्याशेजारी.

इमारतीतल्या शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. देशाची अब्रू घालवली, असं जिन्यात तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोललं जाई. एका वर्तमानपत्राची बाई मात्र घरी येऊन तिचं कौतुक करायला लागली, तुम्ही फार धाडस केलंत म्हणाली. तिने त्या बाईला बसवून, तपासणीच्या दिवसापासून सगळं पुन्हा सांगितलं, चिठ्ठीवर काय लिहिलं त्यासकट. बाईचा चेहरा पडला. ती मुलाखत छापून आली नाही.

पथक दुसऱ्यांदा आलं. या वेळी त्यांनी आपला दुभाषी बरोबर आणला होता. ठेकेदाराचा व्यवस्थापक बदलला. पासपोर्टची पेटी उघडली गेली, त्यासाठी मजुरांची रांग मैदानाच्या फाटकाबाहेरपर्यंत गेली. दुपारी बारा ते साडेतीन काम बंद राहू लागलं. शिट्टी तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीपर्यंत ऐकू यायची. ती वाजली की आई घड्याळाकडे बघायची आणि मुलगी दुसरीकडे.

सळईवाला मेहुण्याचा मृतदेह घेऊन परत गेला. कागदपत्रांसाठी त्याला तिची गरज होती, म्हणून आठ दिवस दोघं एकत्र फिरली. शवागार, पोलीसचौकी, विमानतळाची मालवाहू शाखा. प्रत्येक खिडकीवर तो सांगे आणि ती सांगे, तेवढंच. कामाव्यतिरिक्त तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. एकदा पोलीसचौकीत ती तहानेने खोकायला लागली, तेव्हा त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली, आणि लगेच वाटलं, घ्यायला नको होती. निघताना त्याने आईचे दोन्ही हात हातात घेतले. बहिणीला काय सांगू, असं त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, घडलं तेच सांग, बाळा. तिला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. दुभाषीबाईकडे वळून त्याने फक्त कागदांची पिशवी मागितली.

स्पर्धा झाली आणि झकास झाली. पाहुण्यांनी इथल्या आदरातिथ्याची तोंड भरून स्तुती केली. अवघड नावं इथल्या पोरांइतकी अचूक कुठेच कुणी घेतली नव्हती, असं एका संघाच्या कर्णधाराने जाहीर सभेत सांगितलं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरून तिचं नाव काढलेलं होतं, त्याचं तिला काही वाटलं नाही.

जिन्याखालचं टेबल तोवर दुसऱ्याने घेतलं होतं. त्या परिचारिकेने खटपट करून तिला रुग्णालयात लावून घेतलं. आता ती अस्थिविभागातून जळीत विभागात, तिथून बाळंतिणींच्या खोलीत फिरत असते. डॉक्टर कधी कधी वैतागतात, कारण ती काहीही गाळत नाही. रुग्ण म्हणाला की हा डॉक्टर मला ढोर समजतो, तर ती डॉक्टरांना तेच सांगते. डॉक्टर म्हणाले की हा फार दिवसांचा सोबती नाही, तर ते रुग्णाला सांगण्याआधी ती एकदा विचारते, हे तुम्ही त्याच्याकडे बघून बोलाल का? मग ते खुर्ची ओढून बसतात. नाहीतर बसत नाहीत.

महासंघाचा अंतिम अहवाल वर्षभराने निघाला. पांढऱ्या केसांच्या बाईने तिला एक प्रत पाठवली, सोबत दोन ओळींचं सौजन्याचं पत्र. अहवाल जाडजूड होता. मेहुण्याचा उल्लेख एकशे बाराव्या पानावर होता, नाव बरोबर लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत एक तळटीप होती: पहिल्या तपासणीच्या वेळी उपलब्ध झालेला अनुवाद अपुरा होता.

तिने ती तळटीप पुन्हा पुन्हा वाचली. मग पाहुणीला पत्र लिहिलं, की कृपा करून ‘अपुरा’ हा शब्द बदलावा आणि तिथे ‘खोटा’ असा शब्द घालावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो, असं त्यात लिहिलं होतं, परंतु अहवाल आता प्रसिद्ध झालेला असल्याने शब्दांत बदल करता येणार नाही, आणि तसंही शब्द निवडताना कुणाची विनाकारण मानहानी होऊ नये, असा आमचा प्रयत्न होता.

आईने विचारलं, काय लिहिलंय? तिने ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काहीही न सोडता, आईच्या भाषेत वाचून दाखवलं.